फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीला खुलं पत्र : 'युड झ्यूस' असा नुसता लावू नका

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीतल्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात आपली सोसायटी युद्धकाळातल्या सिनेमांचा महोत्सव करतेय, त्याची पत्रिका आली आणि त्यात रविवारी संध्याकाळी, म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी असते त्या वेळेला, 'युड झ्यूस' लावलाय. 1940 चा, जर्मन दिग्दर्शक फाइट हारलानचा. खाली दोन ओळी आहेत, बंदी घातलेला दुर्मिळ सिनेमा, भव्य सेट, जबरदस्त अभिनय, चुकवू नका. बस, एवढंच. हा सिनेमा कोणी बनवून घेतला, कशासाठी बनवून घेतला, बघून लोकांनी काय केलं, यातलं एक अक्षर नाही. मी मेल केला, नंतर फोनही केला, तर उत्तर आलं की आपले प्रेक्षक सुजाण आहेत, आपण कलाकृती दाखवतो राजकारण करत नाही, आणि सिनेमाच्या आधी भाषण ठेवलं की लोक कंटाळतात. हे उत्तर मला मान्य नाही म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. सोसायटी सभासदांची आहे आणि तिकिटं तुम्ही बाहेरच्यांनाही देताय, कॉलेजच्या मुलांना तर सवलतीत, तेव्हा त्यांनाही कळू दे की ते काय बघायला येतायत.

मी कोण ते आधी सांगते. मी बेने इस्राएल. ठाण्यात वाढले, मूळ घर अलिबागकडचं. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले असं आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. माझी आजी नऊवारी नेसायची, मराठीतच भांडायची, मराठीतच देवाचं करायची. आम्हाला इथे ज्यू म्हणून कोणी त्रास दिला नाही, हे मी जगात कुठेही ठासून सांगते, आणि इस्राएलला गेलेले माझे नातेवाईकही, जे अजून घरात मराठी बोलतात, तेही सांगतात. दुसरं म्हणजे माझं सगळं आयुष्य सिनेमाच्या संकलनात गेलं. मूव्हिओला या जुन्या एडिटिंग मशीनवर शिकले, मग स्टीनबेक मशीन, मग कॉम्प्युटर. एक शॉट दुसऱ्याला कुठे चिकटवला की बघणाऱ्याच्या डोक्यात काय तयार होतं, हेच माझं काम होतं. त्यामुळे हा सिनेमा मी दोन्ही बाजूंनी बघितलाय आणि दोन्ही बाजूंनी सांगतेय की तो असा नुसता लावायचा नसतो.

तुमच्यातले एक जण फोनवर म्हणाले, अहो आपल्याकडे कुठे ज्यूद्वेष आहे, आपल्या लोकांवर काय परिणाम होणार. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. जर्मनीतल्या मुलाला शाळेतच हा सगळा इतिहास शिकवतात, तो हा सिनेमा बघायला बसतो तेव्हा त्याला माहीत असतं की समोर विष आहे. आपल्या मुलांना हिटलरबद्दल काय माहीत असतं? फुटपाथवरच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी त्याचं आत्मचरित्र ठेवलेलं असतं, आणि कोणीतरी सहज म्हणतं की देशाला असाच शिस्तीचा माणूस पाहिजे. अशा मुलापुढे तुम्ही दीड तासाचा उत्तम बनवलेला कॉश्च्युम ड्रामा ठेवणार, ज्यात झ्यूस नावाचा एक ज्यू राजाला नादी लावतो, लोकांवर कर लादतो, एका चांगल्या घरातल्या मुलीवर बलात्कार करतो आणि शेवटी फासावर जातो. त्या मुलाने आयुष्यात एकही ज्यू माणूस पाहिलेला नसणार. त्याला हा खोटेपणा म्हणून कसा ओळखू येणार? त्याच्यासाठी ती माहिती असेल. घरी जाऊन तो म्हणेल की अच्छा, म्हणजे ज्यू असे असतात, म्हणून हिटलरने तसं केलं.

आता सिनेमाकडे येते, कारण पत्रिकेत जे लिहिलंय त्यातलं सगळ्यात जास्त मला टोचलं ते वेगळंच आहे. 1940 च्या एप्रिलमध्ये, सिनेमा पूर्ण व्हायच्याही आधी, गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाने जर्मन वर्तमानपत्रांना सूचना दिली होती की 'युड झ्यूस' आणि 'डी रोथशिल्ड्स' या दोन सिनेमांबद्दल लिहिताना त्यांना ज्यूविरोधी सिनेमे म्हणू नका. का, तर प्रेक्षकाला आपण प्रचार बघतोय असं वाटताच कामा नये, त्याने प्रेमकथा म्हणून, ऐतिहासिक नाट्य म्हणून थिएटरात यायचं आणि जे न्यायचं ते नकळत घरी न्यायचं. तुमच्या पत्रिकेतल्या त्या दोन ओळी त्या सूचनेत तंतोतंत बसतात. तुम्ही मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही, पण बनवणाऱ्याला तो जसा विकला जायला हवा होता तसाच तुम्ही विकताय, हे तुमच्या लक्षात यायलाच हवं होतं.

आणि तो तसाच विकला गेला. सप्टेंबर 1940 मध्ये व्हेनिसला पहिला खेळ, मग 24 सप्टेंबरला बर्लिनच्या ऊफा-पालास्ट थिएटरात, गोबेल्स स्वतः हजर. जवळजवळ 2 कोटी लोकांनी बघितला. तरुणांसाठी खास उपयुक्त म्हणून त्याला सरकारी शिफारस मिळाली. सहाच दिवसांनी, 30 सप्टेंबरला, हिमलरने आदेश काढला की त्या हिवाळ्यात एसएस, म्हणजे नाझी पक्षाचं सशस्त्र दल, आणि पोलिसांतल्या सगळ्यांना हा सिनेमा दाखवला जाईल अशी व्यवस्था करा. विचार करा, पोलीस दलाचा प्रमुख एक करमणुकीचा सिनेमा सगळ्या पोलिसांना दाखवायला सांगतोय, कारण त्या पोलिसांना पुढे काय करायला लावायचंय ते त्याला माहीत आहे. व्यापलेल्या देशांतही तो दाखवला गेला. युद्धानंतर फ्रँकफर्टला आउश्विट्झ या मृत्युछावणीचा खटला चालला, 1963 ते 65, त्यात आरोपी असलेल्या श्टेफान बारेट्स्की नावाच्या एका एसएसवाल्याने सांगितलं की आम्हाला 'युड झ्यूस'सारखे सिनेमे दाखवायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी कैद्यांचे काय हाल व्हायचे! सिनेमा बघून उठलेला माणूस समोरच्या उपाशी कैद्याला मारतोय, हे त्यातल्याच एकाने कोर्टात उभं राहून सांगितलंय. सिनेमाचा समाजावर परिणाम होतो की नाही यावर आपण कॅन्टीनमध्ये तासन्‌तास बोलतो, इथे साक्ष नोंदलेली आहे.

तुम्ही म्हणाल कलाकृती म्हणून बघा. ठीक आहे, बघूया, मला उलट त्याबद्दल बोलायला आवडेल. सुरुवातीलाच वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याच्या राजचिन्हावरून डिझॉल्व्ह होतो, म्हणजे एक चित्र विरत विरत दुसरं उमटतं, तो थेट फ्रँकफर्टच्या ज्यू गल्लीतल्या दुकानाच्या हिब्रू पाटीवर. एका शब्दाचीही गरज नाही, या राज्याच्या जागी ते येणार, ही भीती तिथेच बसली. मग झ्यूस, दाढी आणि लांब अंगरखा घातलेला, डिझॉल्व्ह, आणि तोच माणूस गुळगुळीत दाढी करून दरबारी कपड्यात घोडागाडीत. म्हणजे तुमच्या शेजारी बसलेला सभ्य, शिकलेला, तुमच्यासारखाच दिसणारा ज्यू, तो खरा कसा आहे ते आम्ही तुम्हाला दाखवतो. 1940 च्या जर्मनीत ज्यू वकील, डॉक्टर, प्रोफेसर, शेजारी असेच होते, जर्मनांसारखेच दिसणारे, आणि या एका डिझॉल्व्हने प्रेक्षकाला शिकवलं की दिसण्यावर जाऊ नकोस, त्याच्यावरही दया दाखवू नकोस. शेवटी पिंजऱ्यात गयावया करताना त्याची दाढी परत आलेली असते. टेबलावर ओतलेल्या सोन्याच्या नाण्यांवरून नाचणाऱ्या मुलींवर जातो तो डिझॉल्व्हही बघा, पैसा आणि बाई एकाच वाक्यात बांधल्या. आणि बलात्काराचा प्रसंग तर, एकीकडे ती मुलगी, दोरोथेआ, आणि दुसरीकडे तिच्या नवऱ्याला चाललेल्या यातना, असा कापलाय की हॉलमधल्या प्रत्येक माणसाच्या मुठी वळल्या पाहिजेत. व्हेर्नर क्राउससारखा मोठा नट एकटा बऱ्याच ज्यू भूमिका करतो, म्हाताऱ्या रब्बीपासून सेक्रेटरी लेव्हीपर्यंत, त्यातून आपोआप ठसतं की हे सगळे आतून एकच. हे सगळं उत्तम केलंय, मी नाकारत नाहीये, आणि त्यासाठीच म्हणतेय की ही कारागिरी कशी काम करते ते उलगडून दाखवल्याशिवाय हा सिनेमा लावला तर ती कारागिरी आजही तेच काम करणार.

जाणकार माणूस फसत नाही असं कोणी म्हणू नये. व्हेनिसला हा सिनेमा बघून एका तरुण इटालियन समीक्षकाने भरभरून लिहिलं होतं, हा प्रचार असेल तर अशा प्रचाराचं स्वागतच आहे अशा अर्थाचं. तो समीक्षक म्हणजे मिकेलान्जेलो आंतोनिओनी, ज्यांच्या सिनेमांवर आपण सगळे वाढलो आणि ज्यांचे सिनेमे आपल्याच पडद्यावर कितीतरी वेळा लागले. इतक्या तयारीच्या डोळ्यांना कारागिरी दिसली आणि तिच्यामागचं दिसलं नाही, तर फर्स्ट इयरच्या मुलांकडून तुम्ही काय अपेक्षा करताय?

अजून एक. त्यात सिनेगॉगमधला एक प्रसंग आहे, प्रार्थनेचा. बघताना अंगावर काटा यावा, काहीतरी अघोरी चाललंय असं वाटावं, अशा तऱ्हेने शूट केलाय. तो प्रागमध्ये घेतला आणि त्यातले एक्स्ट्रा खरेखुरे प्रागचे ज्यू होते, नाझींच्या ताब्यातल्या शहरातले, ज्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढतात तेव्हा काय वाटतं ते मी लहानपणापासून अनुभवलंय, आमच्याकडे त्या वेळी म्हातारी माणसं पुढे होऊन हात लावतात आणि तो हात ओठांना लावतात. तीच गोष्ट तिथे त्या माणसांच्याच अंगाने घाणेरडी करून दाखवलीय. त्या चेहऱ्यांकडे मला कलाकृती म्हणून बघता येत नाही. आणि ज्या हारलानने हे केलं त्याची पहिली बायको दोरा गेर्सोन, नटी आणि कॅबरे गायिका, ज्यू होती, तिला नवरा आणि दोन मुलांसकट 1943 मध्ये आउश्विट्झला मारलं.

खरा योसेफ झ्यूस ओपेनहाइमर कोण होता हेही लोकांना सांगायला नको का? अठराव्या शतकात वुर्टेंबर्गच्या कार्ल आलेक्झांडर ड्यूकचा आर्थिक सल्लागार. ड्यूकला दरबारातल्या जुन्या घराण्यांना डावलून पैसा उभा करायचा होता, तो याने करून दिला, लोकांचा राग याच्यावर आला. मार्च 1737 मध्ये ड्यूक मेला आणि लगेच याला पकडलं. 4 फेब्रुवारी 1738 ला स्टुटगार्टबाहेर लोकांच्या गर्दीपुढे फाशी दिलं आणि प्रेत लोखंडी पिंजऱ्यात सहा वर्षं टांगून ठेवलं. सिनेमात तो जिवाची भीक मागत मरतो. प्रत्यक्षात त्याला बाप्तिस्मा घे म्हणून परत परत सांगत होते, त्याने घेतला नाही, आणि नोंदी सांगतात की तो शेमा म्हणत मेला. शेमा म्हणजे काय ते तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत नसेल. ऐक हे इस्राएला, आपला देव एक आहे, अशी ती प्रार्थना. आमचे पूर्वज कोकणात शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते, हिब्रू विसरले, पुस्तकं नव्हती, पण एवढी एक प्रार्थना विसरले नाहीत, जन्माला तीच, लग्नाला तीच, मरणालाही तीच. म्हणून तो माणूस मला परका वाटत नाही, आणि जाहीर फाशी दिलेल्या माणसाला दोनशे वर्षांनी पडद्यावर परत एकदा फाशी दिली, तेही टाळ्या घेण्यासाठी, ते आपण सोफ्यावर बसून चहा पीत बघायचं, हे मला सहन होत नाही.

दुसरी तक्रार, आणि ही माझ्या मते जास्त गंभीर आहे. सोमवारच्या दुपारी तुम्ही थेरेझिएनश्टाटवरची, म्हणजे नाझींनी ज्यूंना डांबलेल्या एका छावणीवरची, फिल्म लावलीय आणि पुढे लिहिलंय, छावणीतलं रोजचं जीवन, दुर्मिळ डॉक्युमेंटरी. कृपा करून हे ताबडतोब बदला. ते रोजचं जीवन नव्हतं. 23 जून 1944 ला रेडक्रॉसची माणसं तिथे पाहणीला येणार होती म्हणून नाझींनी आधी घरं रंगवली, बागा लावल्या, आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसं आउश्विट्झला पाठवून दिली. ती पाहणी फसवून पार पडली, मग त्याच सजवलेल्या गावात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही फिल्म काढली. फुटबॉलची मॅच, लायब्ररी, भाज्यांचे मळे, मुलांचा 'ब्रुंडिबार' हा ऑपेरा, सगळं त्यात आहे. दिग्दर्शन करायला लावलं कुर्ट गेरोनला, तिथल्याच कैद्याला. हा गेरोन म्हणजे 1930 च्या 'ब्लू एंजल'मध्ये मार्लेन डीट्रिशबरोबर दिसलेला मोठा नट, आणि त्याच्याच जुन्या सिनेमातले तुकडे नाझींनी आधी 'डेर एव्हिगे युडे' नावाच्या दुसऱ्या घाणेरड्या प्रचारपटात ज्यूंची बदनामी करायला वापरले होते. शूटिंग संपलं आणि 28 सप्टेंबर ते 28 ऑक्टोबर या एका महिन्यात तिथून 18 हजारांवर माणसं आउश्विट्झला गेली. त्यात गेरोन होता, ऑपेराचा संगीतकार हान्स क्रासा होता, कॅमेऱ्यापुढे हसलेली, गायलेली मुलं होती. म्हणजे पडद्यावर जे लोक मॅच बघताना टाळ्या वाजवताना दिसतात त्यातले कितीतरी काही आठवड्यांत मारले गेले, आणि आपली पत्रिका त्याला रोजचं जीवन म्हणते. ज्यांनी ही फिल्म काढून घेतली त्यांना जगाने नेमकं हेच म्हणायला हवं होतं. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, झालाच नाही म्हणणारे लोक आजही हेच तुकडे दाखवतात की बघा, किती मजेत होते.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण सांगते. महोत्सवाचा जो दोन मिनिटांचा प्रोमो तुम्ही सगळीकडे फिरवताय त्यात वॉर्सा घेट्टोचे, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीचे, शॉट्स टाकलेत, एकीकडे रस्त्यावर मरायला टेकलेली मुलं, दुसरीकडे चांगल्या कपड्यातल्या बायका त्यांच्याकडे न बघता चाललेल्या, आणि खाली फक्त वॉर्सा, 1942 एवढं लिहिलंय. हे फुटेज नाझींच्या कॅमेरा टीमने मे 1942 मध्ये घेतलं. ती फिल्म अर्धवटच राहिली, 1954 मध्ये पूर्व जर्मनीच्या आर्काइव्हमध्ये सापडली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगभरच्या डॉक्युमेंटऱ्यांनी ती खरी म्हणून वापरली. 1998 मध्ये अजून एक रीळ मिळालं, त्यात टेक आहेत, तोच शॉट परत परत, त्याच बायकांना परत परत चालायला लावलेलं. ज्यूच ज्यूला कसा विचारत नाही ते दाखवायला रचलेला देखावा होता तो. भूक खरी, मेलेले खरे, मांडणी खोटी. घेट्टोच्या कौन्सिलचा अध्यक्ष आदाम चेर्निआकूफ याने त्या दिवसांत डायरीत नोंद केलीय की फिल्मवाले त्याच्या घरात येऊन शूटिंग करत होते. 22 जुलैला माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला न्यायला सुरुवात झाली, 23 ला त्याने जीव दिला, आणि त्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून जास्त माणसं गेली. संकलक म्हणून सांगते, कुठला शॉट कोणी घेतला हे न सांगता वापरणं म्हणजे घेणाऱ्याची नजर आपली करून घेणं.

आता कोणी म्हणेल की बाई सिनेमावर बंदी घाला म्हणतेय. नाही म्हणत. मी सेन्सॉरच्या कात्रीखाली काम केलेली बाई आहे, बंदी काय करते ते मला चांगलं माहीत आहे. हे सिनेमे दाखवलेच पाहिजेत, पण कसे, ते ज्यांच्या देशात झालं त्यांनी ठरवून ठेवलंय. जर्मनीत असे चाळीसएक सिनेमे वेगळे ठेवलेत, त्यांचे हक्क सांभाळणारी मुर्नाउ फाउंडेशन नावाची संस्था व्हीसबाडेनला आहे, आणि तिथे हे सिनेमे आधी प्रास्ताविक आणि नंतर चर्चा असेल तरच दाखवतात. लपवलेले नाहीत, शिकवलेले आहेत. तुम्ही मात्र इंटरनेटवरून उतरवलेली कॉपी लावणार असं मला कळलं, सबटायटल कोणी केलीत ते माहीत नाही. अशा कॉप्या कुठल्या कुठल्या ग्रुपांतून फिरतात आणि त्यांच्या खाली काय काय लिहिलेलं असतं ते एकदा जाऊन बघा.

टीका करणं म्हणजे मुस्कटदाबी असंही एक जण म्हणाले, तर त्यांना एक गोष्ट सांगते. हारलानवर युद्धानंतर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी हाम्बुर्गला खटला चालला, 1949 मध्ये सुटला, 1950 मध्ये परत सुटला, आणि ज्याच्यापुढे खटला चालला तो न्यायाधीश स्वतः नाझींच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होता. हारलान लगेच नवीन सिनेमे करायला लागला. तेव्हा हाम्बुर्गच्या सरकारी प्रसिद्धी विभागाचे प्रमुख एरिश ल्यूथ उभे राहिले, म्हणाले याचा सिनेमा दाखवू नका, बघू नका, आणि खुलं पत्र लिहिलं. सिनेमावाल्यांनी त्यांना कोर्टात खेचलं, खालच्या कोर्टाने तोंड बंद ठेवायचा हुकूम दिला, ल्यूथ लढत राहिले आणि 15 जानेवारी 1958 ला जर्मनीच्या घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बोलण्याच्या स्वातंत्र्यावरचा त्या देशातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल म्हणून तो आज कायद्याच्या कॉलेजात शिकवतात. त्याच्याही आधी, 1941 मध्ये, लिओन फॉइश्टवांगर या लेखकाने अमेरिकेतून 'युड झ्यूस'मध्ये काम केलेल्या बर्लिनच्या सात नटांना खुलं पत्र लिहिलं होतं. याच झ्यूसवर त्याची कादंबरी होती, 1925 ची, माणूस म्हणून त्याला समजून घेणारी. त्या नटांना तो ओळखत होता, त्यांनी काय केलंय ते त्यांना नीट कळतंय हेही तो ओळखत होता. तेव्हा या सिनेमाबद्दल खुली पत्रं लिहिण्यात मी काही पहिली नाही.

आणि हे सगळं लांबच्या देशातलं आहे असंही समजू नका. ज्या मुंबईच्या सिनेमाचं आपण कौतुक करतो, त्यात 'आलम आरा' लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आमचे. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आमचेच. युद्धाच्या काळात इथे सरकारी वॉर फिल्म्स काढणाऱ्यांत पुढे असलेले एझ्रा मीर बगदादी ज्यू. आकाशवाणीची जी धून ऐकत आपण सगळे लहानाचे मोठे झालो ती वॉल्टर काउफमनची, प्रागहून नाझींमुळे मुंबईत आलेल्या ज्यू माणसाची. जर्मन सिनेमात नाव काढलेले विली हास 1939 मध्ये जीव वाचवून इथे आले आणि मोहन भवनानींसाठी लिहायला लागले. त्याच मुंबईत, त्याच वर्षांत, 'अछूत कन्या'चे दिग्दर्शक फ्रान्त्स ओस्टेन नाझी पक्षाचे सभासद होते आणि युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांना पकडून ठेवलं. ही आपल्याच स्टुडिओंची कथा आहे, आणि या महोत्सवात त्यावर एक ओळ नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

तर आता स्पष्ट मागण्या. पत्रिका आणि सगळ्या पोस्ट आजच बदला, 'युड झ्यूस'पुढे स्वच्छ लिहा की हा नाझी सरकारने ज्यूंविरुद्ध बनवून घेतलेला प्रचारपट आहे, आणि थेरेझिएनश्टाटच्या फिल्मपुढे लिहा की कैद्यांना जबरदस्तीने कामाला लावून बनवलेली खोटी फिल्म. प्रोमोतले वॉर्साचे शॉट्स काढा, किंवा ते कोणी घेतले ते त्याच फ्रेमवर लिहा. दोन्ही सिनेमांच्या आधी निदान अर्धा तास प्रास्ताविक आणि नंतर चर्चा ठेवा, हॉलची वेळ पुरत नसेल तर त्या दिवशीचा दुसरा सिनेमा काढा. त्या खेळाचं तिकीट लावू नका, या सिनेमावर आपण एक रुपयाही कमवू नये. हक्क असलेल्या संस्थेला लिहा, रीतसर परवानगी आणि चांगली प्रिंट मागा, वेळ लागला तर महोत्सव संपल्यावर वेगळा कार्यक्रम करू. कॉलेजच्या मुलांना बोलवा, जरूर बोलवा, पण त्यांच्या शिक्षकांना आधी सगळी माहिती पाठवून. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर 'युड झ्यूस' या वेळी काढून टाका. मी दुसरं काही मागत नाहीये.

प्रास्ताविक मी करते, मानधन नको. वर सांगितलेले डिझॉल्व्ह मी पडद्यावर थांबवून दाखवेन, मुलांना विचारेन की इथे तुम्हाला काय वाटलं आणि ते कुठल्या कटने वाटायला लावलं. इतिहासाचं बोलायला कोणी अभ्यासक हवे असतील तर मी दोघांशी बोललेय, ते यायला तयार आहेत, नंबर मी सेक्रेटरी सरांना वेगळे पाठवते. कार्यकारिणीची मीटिंग येत्या गुरुवारी आहे, त्यात हे पत्र वाचावं आणि जे ठरेल ते सभासदांच्या ग्रुपवर लेखी टाकावं, फोनवर मला एकटीला सांगू नये.

आपली,
सोसायटीची एक जुनी सभासद, निवृत्त संकलक
ठाणे